मारुतीच्या कुठपर्यंत आलंय? हार्मोनचा रिपोर्ट वाचताना

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकचा माणूस क्युसेकच्या भानगडीत पडत नाही. तो विचारतो, ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?’ गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, का छातीला. एवढं कळलं की सराफ बाजारातला दुकानदार ठरवतो, माल वर चढवायचा की अजून चहा पीत बसायचं. पण नदीकाठी वाढलेली माणसं लगेच दुसरा प्रश्न टाकतात, ‘पाणी सोडलं कधी?’ धरणातून निघालेलं पाणी रामकुंडावर पोहोचायला वेळ लागतो. कमरेला लागलेलं पाणी चढतंय का उतरतंय, हे त्या वेळेवरूनच समजतं.

हार्मोनच्या रिपोर्टचंही तसंच आहे. फक्त तिथे हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

मी नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं रक्त काढतेय. मी डॉक्टर नाही. कुणाची गोळी वाढवायची, कुणाची कमी करायची हे मला विचारू नका, आणि फोनवरच्या व्हिडिओलाही विचारू नका. पण सुई टोचल्यापासून छापील कागद हातात पडेपर्यंत मधे काय काय घडतं आणि काय काय बिघडतं, ते मी रोज बघते. हार्मोन घेणारी सगळ्या प्रकारची माणसं आमच्या खुर्चीत बसून जातात. पाळी गेल्यावर घामाच्या लोटांनी हैराण झालेल्या काकू, इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स मुली, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणारी ट्रान्स मुलं, आणि रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेणारं अर्धं गाव. थायरॉईडची गोळी म्हणजेही हार्मोनची भरपाईच, पण तिला कुणी एचआरटी (हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी) म्हणत नाही. असो.

गेल्या श्रावणात एक मुलगी आली. आधार कार्डावर अजून जुनंच नाव, म्हणून पावती त्या नावाची. आठ महिन्यांपासून इस्ट्राडायॉलच्या, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकाराच्या, गोळ्या चालू होत्या. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आली, काउंटरवरच उघडला आणि चेहरा उतरला. आधीच्या वेळी २४० होतं, आता ८६. ‘ताई, गोळी लागू पडायची थांबली का हो?’

मी विचारलं, ‘गोळी घेतलीस कधी?’

मागच्या वेळी सकाळी आठला गोळी जिभेखाली ठेवून नऊला रक्त दिलं होतं. या वेळी साखर आणि चरबीची तपासणी पण होती, म्हणून उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. उपाशीपोटी म्हणजे गोळीसुद्धा नाही, असं तिने धरलं. शेवटची गोळी आदल्या रात्री नऊची. म्हणजे एक रिपोर्ट गोळीनंतर एका तासाचा आणि दुसरा बारा तासांनंतरचा. गोळी तीच आणि अंगही तेच. एकदा आपण पूर चढताना मारुतीकडे पाहिलं, एकदा ओसरल्यावर.

जिभेखालची गोळी थेट रक्तात उतरते, तासाभरात आकडा शिखरावर नेते आणि तितक्याच घाईने खाली आणते. तीच गोळी पाण्यासोबत गिळली तर आधी यकृतातून जाते. तिथे तिचा बराच भाग इस्ट्रोन नावाच्या सौम्य भावंडात बदलतो आणि आकडा सावकाश चढून सावकाश उतरतो. पॅच सगळ्यात शांत. नळाची बारीक धार सोडून ठेवल्यासारखा. म्हणून ‘माझं २४०, तुझं किती?’ ही मैत्रिणींतली तुलना पोकळ असते. एकीने गिळलेली, दुसरीने जिभेखाली ठेवलेली, तिसरीने चोळलेली. कुणी तासाभराने आलेली, कुणी दिवसभराने. काय बरोबर वेळ, हे तुमचे डॉक्टर सांगतील. प्रत्येक वेळी तीच वेळ पाळणं मात्र तुमच्या हातात आहे.

इंजेक्शनचा खेळ याहून मोठा, कारण तिथे तासांऐवजी दिवस मोजावे लागतात. टेस्टोस्टेरॉनचं इनॅन्थेट असो किंवा सस्टनॉन २५० असो. सस्टनॉनच्या एका अँपुलमध्ये तर टेस्टोस्टेरॉनचे चार प्रकार असतात, काही लवकर सुटणारे, काही रेंगाळणारे. टोचल्यावर दोन-तीन दिवसांत आकडा उंच जातो आणि पुढच्या डोसपर्यंत घसरत येतो. एकाच मुलाचं रक्त दुसऱ्या दिवशी काढलं तर १,१०० दिसू शकतं आणि चौदाव्या दिवशी ३००. पहिला कागद पाहणारा म्हणेल डोस जास्त झाला, दुसरा पाहणारा म्हणेल कमी पडतोय. दोघांच्याही हातात अर्धीच गोष्ट. त्यामुळे अशा इंजेक्शनांसाठी दोन डोसांच्या बरोबर मध्यावर रक्त घ्यायची रीत आहे. तिथे साधारण ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असावं असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची, २०१७ ची मार्गदर्शिका सांगते. अनडेकॅनोएट नावाचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असेल, जे सुरुवातीचे डोस झाल्यावर १०-१४ आठवड्यांनी एकदा घेतात, तर उलट: पुढची सुई टोचायच्या अगदी आधी रक्त द्यायचं.

आमच्याकडच्या फॉर्मवर ‘शेवटचा डोस कधी’ असा रकानाच नाही. नाव, वय, लिंग, डॉक्टरांचं नाव, मोबाइल नंबर, सगळं आहे. मी समासात पेनाने लिहिते. संगणकात ते चढत नाही, पण पेशंटच्या कागदावर राहतं.

डोस बदलल्यावर किती दिवसांनी यायचं, ही दुसरी वेळ. एक आजोबा थायरॉईडची गोळी ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम झाली की आठव्या दिवशी हजर. पैसे त्यांचे, रक्त त्यांचं, तरी मला राहवत नाही. त्या गोळीतल्या थायरॉक्सिनची अंगातली मात्रा निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात. कुठलंही औषध रोज घेतलं की आत येणारं आणि बाहेर जाणारं जुळून पातळी स्थिर व्हायला असे चार-पाच टप्पे जावे लागतात. म्हणजे महिना तर इथेच गेला. त्यात टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम; तिला बदल जाणवून तिने आपला आवाज कमी-जास्त करायला आणखी वेळ. म्हणून सहा ते आठ आठवडे. आठव्या दिवशीचा रिपोर्ट म्हणजे भाताला पहिली वाफ यायच्या आत झाकण उघडून शीत चेपून बघणं. आणि थायरॉईडची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या. आधी घेतली तर टी-फोर (म्हणजे थायरॉक्सिनच) काही तास उगाच वर दिसतं.

आता थोडं आत शिरू. इस्ट्राडायॉल १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले की एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. डोक्यात बसत नाही ना? मलाही बसत नव्हतं. एकदा रात्रपाळीला हिशेब मांडला. गंगापूर धरण काठोकाठ भरलं की त्यात साधारण ५,६३० दशलक्ष घनफूट पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्यात १६ किलो साखर विरघळवली, तर पाणी जितकं गोड होईल तितकं आपल्या रक्तात इस्ट्राडायॉल असतं. एवढ्याशा गोडीवर पाळी चालते, हाडं टिकतात, कातडी मऊ राहते. आणि आम्ही चमचाभर पाणी घेऊन ती १६ किलो साखर मोजायला बसतो.

हे मोजता येऊ लागलं ते रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या जोडीमुळे. त्यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी किरणोत्सर्गी खुणेने इन्सुलिन मोजायची युक्ती काढली. बर्सन आधी वारले. यॅलोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. आताच्या यंत्रांत किरणोत्सर्ग नाही, प्रकाश आहे, पण इस्ट्राडायॉल आणि टेस्टोस्टेरॉनसाठी मूळ युक्ती तीच. नाशिकरोडहून निघालेली शहर बस डोळ्यांपुढे आणा. सीटा ठरावीक. थांब्यावर दोन प्रकारचे प्रवासी: तुमच्या रक्तातले हार्मोनचे कण, आणि कंपनीने पाठवलेले, डोक्यावर चमकती टोपी घातलेले तसेच कण. सीटांसाठी धक्काबुक्की होते. यंत्र शेवटी बसमधल्या चमकत्या टोप्या मोजतं. टोप्या कमी, म्हणजे तुमचे कण जास्त. उलटा हिशेब.

या बसमध्ये अडचण दोन ठिकाणी येते. एक, सारखे दिसणारे तिसरेच कोणी सीटवर बसतात. खरे प्रवासी भरपूर असतील तर चार घुसखोरांनी फरक पडत नाही. पण बायकांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन किंवा पाळी गेल्यानंतरचं इस्ट्राडायॉल मुळातच इतकं कमी असतं की तेवढे घुसखोरही आकडा बिघडवतात. तिथे ‘एलसी-एमएसएमएस’ नावाची वजनावरून ओळखणारी पद्धत जास्त भरवशाची. त्यासाठी सॅम्पल बाहेरगावी मोठ्या लॅबला जातं आणि रिपोर्टला दिवस लागतात. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरांत ‘सीएलआयए’, ‘ईसीएलआयए’ असं छापलेलं असतं, ते पद्धतीचं नाव. लॅब बदलली की यंत्र बदलतं, बस बदलते. मागचा १२० आणि आताचा १४५ यांच्यात खरंच काही घडलंय का नुसतं यंत्र बदललंय, कोण सांगणार? सवलतीच्या पॅकेजच्या मागे दर तिमाहीला लॅब बदलू नका. आमच्याकडेच या असं म्हणत नाही. कुठेही जा, पण तिथेच जा.

दुसरी अडचण केसांच्या गोळ्यांची. हार्मोन बदलताना केस गळतात, म्हणून सगळेच त्या घेतात आणि औषध म्हणून सांगत नाहीत. ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ ‘नाही.’ ‘केसांच्या?’ ‘हो, त्या आहेत की!’ त्यात बायोटिन असतं. अंगाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. एका गोळीत ५,००० किंवा १०,०००. बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रांत बसच्या दाराशी कण पकडून ठेवायला बायोटिनचीच कडी वापरलेली असते. रक्तात बायोटिनचा लोंढा आला की तो ती कडी अडवून बसतो, चमकत्या टोप्या आत येतच नाहीत. यंत्र म्हणतं, टोप्या कमी, म्हणजे हार्मोन भरपूर. इस्ट्राडायॉल, टेस्टोस्टेरॉन, टी-फोर खोटं जास्त दिसतं. टीएसएच आणि पिट्युटरीचेच एफएसएच (अंडाशयाला हुकूम देणारं), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं) यांची पद्धत वेगळी, तिथे चमक जितकी जास्त तितका आकडा जास्त. म्हणून ते खोटं कमी दिसतं. टी-फोर वर आणि टीएसएच खाली, म्हणजे कागदावर थायरॉईड उफाळलेलं, आणि बाई ठणठणीत. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवली की झालं. डोस फार मोठा असेल तर जास्त दिवस, ते डॉक्टरांना विचारा. एवढ्याने केस गळणार नाहीत.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगते. पंचवटीतल्या एका काकूंना डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल दिलं होतं. सकाळी अंघोळ झाली की दोन्ही दंडांना चोळायच्या. त्या दिवशी साडेसहाला चोळून आठला आमच्याकडे आल्या. मी बाही वर केली, पट्टा बांधला, स्पिरिटचा बोळा फिरवला, शीर सापडली, रक्त घेतलं. आकडा आला हजाराच्या वर. काकूंच्या मुलाने रात्री फोन करून आम्हाला फैलावर घेतलं, आणि त्याचं बरोबर होतं. सुई जिथून आत जाते त्या कातडीवरच जेल असेल तर तेच थोडंसं सॅम्पलमध्ये उतरतं. १६ किलो साखरेचा हिशेब करताना हाताला लागलेली पिठीसाखर! पुढच्या आठवड्यात जेल मांडीला लावायला सांगून परत रक्त घेतलं, ५८ आलं. तेव्हापासून मी बाही वर करायच्या आधी विचारते, ‘इथे काही लावलंय का?’ तुम्हीही न विचारता सांगा. टेस्टोस्टेरॉनच्या जेललाही हेच लागू.

त्या काकूंना ती तपासणी खरं तर हवीच होती का, हा वेगळाच प्रश्न. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. ४५ च्या पुढची बाई, पाळी वर्षभर नाही, रात्री पांघरूण भिरकावून देते, तर तिची रजोनिवृत्ती ओळखायला रक्त लागत नाही. त्या काळात एफएसएच आज ६० आणि महिन्याने १५ असं उड्या मारत असतं. औषध चालू केल्यावरही डोस ठरतो तो घाम, झोप, कोरडेपणा यांच्यावरून; आकड्यावरून नाही. पुरेसा डोस असून काहीच फरक नाही, जेल अंगात मुरतंय का अशी शंका आहे, तेव्हा इस्ट्राडायॉल बघतात. ४० च्या आत पाळी गेली असेल तर मात्र रक्त तपासायलाच हवं, तिथे टाळाटाळ नको. बाकी ‘मेनोपॉज प्रोफाइल’ची जाहिरात बघून आलेल्या बायकांचं रक्त मी काढते आणि मनात म्हणते, या पैशांत हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी तरी करून घेतली असती.

ट्रान्स मुलामुलींचं तसं नाही. तिथे डोस शरीराला एका पातळीवरून दुसरीकडे नेण्यासाठी असतो, त्यामुळे आकडा लागतोच. त्याच २०१७ च्या मार्गदर्शिकेत ट्रान्स स्त्रियांसाठी इस्ट्राडायॉल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असं लक्ष्य दिलंय. तपासणी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षाला एक-दोनदा. ही खूण आहे, परीक्षेचे गुण नाहीत. ४०० आले म्हणून स्तनांची वाढ दुप्पट वेगाने होत नाही. डोस वाढतो तशी रक्ताच्या गुठळीची भीती मात्र वाढते. निफाडच्या द्राक्षवाल्याला हे समजवावं लागत नाही. घडांना जीए (जिबरेलिक ॲसिड) देतो तेही हार्मोनच. मणी कोणत्या मापाचा असताना किती द्यायचं ते ठरलेलं असतं, आणि वेळ चुकली तर मागाहून दुप्पट देऊन भरून निघत नाही, उलट घड वाया जातो.

आणि आकड्याला जे दिसतच नाही त्याचं काय? ट्रान्स मुलींना टेस्टोस्टेरॉन रोखायला देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनचंच बघा. ही मुळात लघवी वाढवणारी गोळी. ती टेस्टोस्टेरॉन फारसं कमी करत नाही. ते जिथे जाऊन काम करतं त्या कुलपात काडी घालून ठेवते. किल्ल्या खिशात तेवढ्याच, पण दार उघडत नाही. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन वरच दिसलं म्हणून गोळी फुकट गेली असं नाही. याच्या उलट, त्याच कामासाठीचं सायप्रोटेरॉन. ते आकडाही खाली आणतं, आणि प्रोलॅक्टिन वाढवतं.

याहून गंभीर गोष्ट गर्भनिरोधक गोळ्यांची. डॉक्टरकडे जायला लाज वाटते, पैसे नसतात, कुणीतरी जुनीजाणती सांगते, आणि मेडिकलमधून माला-डीसारखी पाकिटं आणून दिवसाला दोन-दोन, चार-चार गोळ्या चालू होतात. त्यातलं इस्ट्रोजेन म्हणजे इथिनिल इस्ट्राडायॉल. ते इस्ट्राडायॉलच्या नेहमीच्या तपासणीत धड दिसत नाही. रिपोर्ट येतो २०. मुलीला वाटतं, काहीच लागू पडत नाही, आणखी दोन गोळ्या घे. इकडे अंगात भरपूर इस्ट्रोजेन खेळतंय, आणि तेही गुठळ्या करण्यात सगळ्यात पुढे असलेलं. अशा वेळी आकडा कमी म्हणजे अंगात इस्ट्रोजेन कमी, असं नसतं. पोटरी एका बाजूने सुजून दुखली, दम लागला, छातीत कळ आली, तर लॅबमध्ये येऊ नका, थेट दवाखान्यात जा आणि काय घेताय ते तिथे स्पष्ट सांगा. आम्हालाही सांगा. मी कुणाच्या आईला फोन करत नाही.

एककांचा घोळ पटकन सांगते. फोनवर इंग्लंडमधल्या कुणाचं ‘४५०’ वाचून आपलं १२० बघून रडू नका. त्यांच्याकडे पिकोमोल प्रति लिटर चालतं. आपल्या पिकोग्रॅमला ३.६७ ने गुणा, १२० चे ४४० होतात. टेस्टोस्टेरॉन तर आपल्याच शहरात दोन लॅब दोन तऱ्हांनी छापतात: एकीकडे ०.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, दुसरीकडे ४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन्ही एकच. शंभरने गुणलं की झालं. क्युसेक आणि मारुतीची कंबर, पाणी तेच.

मग ती ठळक अक्षरं. रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी ठळक ‘एच’ किंवा ‘एल’ आला की घरात सुतक. बाजूला छापलेली रेंज म्हणजे निरोगी माणसांचं रक्त तपासून त्यातल्या मधल्या ९५ टक्क्यांची मर्यादा. म्हणजे धडधाकट २० जणांतला एक जण तसाही बाहेर पडणारच. त्यात रेंज लिंगावरून बसते, आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती करताना ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ यातलं एकच टिचकावता येतं. पुरुष म्हणून नोंद झालेल्या मुलीचं इस्ट्राडायॉल १३० आलं की यंत्र बोंबलतं, पुरुषांत ते साधारण ४० च्या आत असतं. प्रत्यक्षात ती तिच्या लक्ष्याच्या मधोमध असते. स्त्री म्हणून नोंदलेल्या, टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन १५.८ आलं की तिथेही ‘एच’, आणि पुरुषांच्या मापाने ते अगदी व्यवस्थित. अशा रिपोर्टवर ठळक अक्षर सोडून द्या, आकडा आणि एकक बघा, आणि तुमच्या उपचारांतलं लक्ष्य काय ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाळी असलेल्या बाईला तर एकच रेंज नसतेच. तिचं इस्ट्राडायॉल महिन्याच्या सुरुवातीला ५०, मधे ३००, मग १५० असं फिरतं, म्हणून रिपोर्टमध्ये तीन-चार ओळी छापलेल्या असतात.

जाता जाता, हार्मोनच्या गडबडीत ज्यांच्याकडे कुणी बघत नाही त्या ट्यूबांबद्दल. पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये हार्मोन जातं आणि जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये साधा सीबीसी. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याने आधी जांभळीचा रिपोर्ट वाचावा. हे हार्मोन लाल पेशी वाढवतं, रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोसचा फेरविचार करतात. मे महिन्यात पाणी न पिता आलात तर ते उगाच चढलेलं दिसेल, म्हणून पाणी पिऊन या. उपाशीपोटीला पाणी चालतं. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी पोटॅशियम सांभाळायचं. त्यात रोज दोन शहाळी आणि ‘लो सोडियम’ मीठ असेल तर डॉक्टरांना सांगा. त्या मिठात सोडियमची जागा पोटॅशियमने घेतलेली असते. आणि खुर्चीत बसल्यावर शीर फुगवायला मूठ उघडमीट करू नका. स्नायूंतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा चढतो. पूर्वी आम्हीच सांगायचो, ‘मूठ आवळा, सोडा, आवळा’. आता हात नुसता सैल ठेवायला सांगते. प्रोलॅक्टिनला सुईची भीतीसुद्धा पुरते. जिना चढून धापा टाकत आलात तर १५-२० मिनिटं पंख्याखाली बसा, तोवर मी दुसऱ्याचं घेते.

श्रावणातली ती मुलगी मार्गशीर्षात परत आली. या वेळी आधी फोन करून विचारलं होतं, गोळी घेऊन येऊ का न घेता. मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. त्यांनी सांगितलं, रात्रीची घे, सकाळची रक्त दिल्यावर. तिने मोबाइलच्या कव्हरमधून चिठ्ठी काढली. ‘काल रात्री ९.१०, जिभेखाली. केसांची गोळी शुक्रवारपासून बंद.’ मी ते फॉर्मच्या समासात उतरवलं. पावतीवर नाव अजून जुनंच होतं, मी हाक मारताना तिने सांगितलेलं मारलं. पट्टा बांधला. सवयीने ती मूठ वळायला लागली, मी बोटं सोडवली.

संध्याकाळी आकडा आला ९१. तिने काही विचारलं नाही. कागद काउंटरवर सपाट धरला, समासातला तो ९.१० नीट दिसेल असा फोटो काढला, आणि डॉक्टरांना पाठवून दिला.